टाकाऊतले टिकाऊ किती?

शाळांच्या हस्तकला प्रदर्शनात ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाचे एक टेबल हमखास असते. शीतपेयाच्या बाटलीची फुलदाणी, रंगाच्या डब्याभोवती सुतळी गुंडाळून केलेले पेन ठेवण्याचे पात्र, त्यांवर आरशांचे तुकडे, शिंपले आणि सोनेरी चमकी. पालक कौतुकाने पाहतात, परीक्षक गुण देतात आणि महिन्याभराने ती फुलदाणी उकिरड्यावर जाते. मग या खटाटोपात टिकले काय, असा प्रश्न विचारणे अरसिकपणाचे ठरू नये.

मुळशी तालुक्यातील नांदे हे गाव घ्या. आंबेमोहोर भाताच्या या मुलुखात धान्य साठवायला शेणामातीने लिंपलेली बांबूची कणगी असे आणि पाण्याला रांजण. कणगी मोडली तर चुलीत जाई, रांजण फुटला तर मातीला मिळे. पुढे पत्र्याच्या डब्यांचे दिवस आले. पण त्यांनाही सहजासहजी मरण नव्हते. वनस्पती तुपाच्या डब्यात तुळस लागे, रॉकेलच्या डब्याला दांडा ठोकून त्याची बादली होई. रद्दी भिजवून, तिच्यात मेथीचे दाणे वाटून घालून घरोघर लगद्याच्या पाट्या होत. त्या पाटीवर एखादी हौशी बाई रंगाने वेलबुट्टीही काढी. कला तिथेही होती. मात्र ती पाटी धान्य पाखडताना हाताशी असे. हिंजवडी शेजारी आल्यापासून या बाजूच्या शेतांत इमारती उभ्या राहत आहेत आणि बिऱ्हाडांबरोबर डबे, बाटल्या, बरण्या येत आहेत.

आता भंगाराचे गणित पाहू. रिकामी प्लास्टिकची बाटली ही खरे तर टाकाऊ वस्तू नव्हेच. ती वजनावर विकली जाते, वितळते आणि तिचा धागाही होतो. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’चे नावच सांगते की कचऱ्यावर किती संसार उभे आहेत. त्याच बाटलीवर आपण डिंक, कापड, चमकी आणि काच चिकटवली की तिला भंगारवाला हात लावीत नाही. विकाऊ वस्तू खऱ्या अर्थाने टाकाऊ करण्याचे हे कसब आहे. स्पर्धेसाठी काही घरांत नवी कोरी बाटली विकत आणून रिकामी करतात, त्याला काय म्हणावे?

ही कलाच निरर्थक आहे असे मात्र नाही. चंदीगड वसवताना जी खेडी उठली, त्यांतील फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि दगड रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी १९५७ च्या सुमारास गोळा करायला आरंभ केला. त्यातून उभे राहिलेले रॉक गार्डन १९७६ साली लोकांसाठी खुले झाले. फुटकी कपबशी कुणी विकत घेत नाही. तिला त्यांनी भिंतीत कायमची जागा दिली. आपल्या पुण्यातच अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी घडविली. त्यातले खेळणे मोडले तरी त्यामागचे तत्त्व मुलाला समजलेले असते.

कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभवाची शिफारस केली, ती हाताला काम आणि कामाला अर्थ यावा म्हणून. शिक्षकांनी एवढे केले तरी पुष्कळ होईल: प्रदर्शनाच्या आठवडाभर आधी भंगारवाल्याला वर्गात बोलवावे, खुर्ची द्यावी आणि मुलांनी आणलेला ढीग त्याच्यापुढे ठेवावा. तो जे वजन करून घेईल ते त्याचे. कानतुटके कप, फुटक्या काचा, वेफर्सची चंदेरी पाकिटे असे जे तो बाजूला सारील, त्यावर मुलांनी आपली कला चालवावी. काचा हाताळताना शिक्षकांनी जवळ असावे, हे वेगळे सांगायला नको. आणि गुण देताना परीक्षकांनी चमकीकडे न पाहता ती वस्तू पुढल्या वर्षी पुन्हा मागवावी.