पन्नास कशाचे?

परवा भातकुलीला काकूला भेटायला गेलो होतो. छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मग पंचवीस दिवस 'शेक'. आपल्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात. बघतो तर काकूची खाट ओसरीवर, कपबशी वेगळी, नातवाला जवळ जायची बंदी. कारण चुलतभावाने फाइलवर '५० ग्रे' वाचलं आणि मोबाइलवर शोधलं, तर ४-५ ग्रेनेही माणूस मरू शकतो!

आकडे दोन्ही खरे. अर्थ मात्र साफ चुकला.

मंडळी, इथे मापं तीन आहेत. पदार्थातले किती अणू सेकंदाला फुटतात, ते बेकरेल. (जुना एक क्युरी म्हणजे ३,७०० कोटी बेकरेल.) किलोमागे किती ऊर्जा मुरली, ते ग्रे. किलोला एक ज्यूल म्हणजे एक ग्रे. आणि त्यातून शरीराला धोका किती, ते सीव्हर्ट. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला आणि पिकाचं किती नुकसान झालं, हे तीन वेगळे प्रश्न आहेत, हे खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

ते ४-५ ग्रे अख्ख्या अंगावर, एकदम. काकूचे पन्नास फक्त छातीच्या भागावर, रोज दोन-दोन करून. शिवाय किरण बाहेरच्या मशीनचे. मशीन बंद, किरण बंद. अंगात काही उरत नाही. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात तेव्हा काही दिवस अंतर ठेवावं लागतं, पण ती गोष्ट वेगळी. आणि बेकरेलच मोजायचे तर आपल्या प्रत्येकाच्या अंगात पोटॅशियममुळे सुमारे ४,००० आहेतच. चुलतभावाच्याही!

२०११ च्या फुकुशिमानंतर जैतापूरच्या वादातही मला हेच जाणवत राहिलं. एक बाजू 'लाखो बेकरेल' म्हणून घाबरवते, दुसरी 'नगण्य' म्हणून गप्प करते. नैसर्गिक आणि वैद्यकीय किरण सोडून सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, ही आपल्याकडची मर्यादा आहे. मग आकडा सांगणाऱ्याला विचारायलाच हवं: माप कोणतं, कशावर, किती वेळात? आणि दवाखान्यांनी फाइलवर मराठीत एवढी एक ओळ लिहावी की शेक घेतलेल्या माणसाजवळ बसायला हरकत नाही. औषधाइतकीच तिचीही गरज आहे.

सगळं ऐकून काकूने एवढंच विचारलं, "मंग पोट्ट्याले मांडीवर घेऊ का?"

घे ना काकू.