फिटलेल्या कर्जाचा बोजा मोबाईलवरूनही उतरवा : पिंपरी पेंढार ग्रामस्थांचे निवेदन

दिनांक : २७ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक,
शहीद भगतसिंग मार्ग, फोर्ट, मुंबई

मार्फत : मा. तहसीलदार साहेब, जुन्नर

विषय : हप्त्यावर घेतलेले मोबाईल फोन दुरून लॉक करण्यास लेखी मनाई करणे, तसेच कर्ज फिटल्यावर फोन कायमचा मुक्त करून तो पुन्हा लॉक होणार नाही याची हमी देणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे मौजे पिंपरी पेंढार, ता. जुन्नर, जि. पुणे येथील शेतकरी, शेतमजूर, महिला व विद्यार्थी आपणास सविनय निवेदन करतो की,

आमचे गाव कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान आहे. मोबाईल घ्यायचा तर याच दोन बाजारपेठांत जायचे, आणि रोखीने घेणारे थोडेच. दुकानात आधार, पॅन आणि बँक पासबुक दिले, खात्यातून हप्ता आपोआप कापून घेण्याला संमती दिली की फोन हातात मिळतो. तो सुरू करून देताना दुकानदार त्यात वित्तसंस्थेचे एक ॲप बसवतो किंवा एक क्यूआर कोड स्कॅन करतो. हे कशासाठी, हे गिऱ्हाइकाला कोणी नीट सांगत नाही. करारपत्र इंग्रजीत असते आणि सही स्क्रीनवर बोटाने घेतली जाते. त्या एका सहीने फोन बंद करण्याचा अधिकार आपण दुसऱ्याच्या हाती दिला आहे, हे हप्ता चुकतो त्या दिवशी कळते.

हप्ता महिन्याचा, पैसा हंगामाचा

हप्त्याची तारीख दर महिन्याला येते. शेतमालाचे पैसे मात्र हंगामाला येतात. २०२५ साली कांद्याला भाव मिळाला नाही. विक्रीच्या पट्टीतून गाडीभाडे आणि हमाली वजा जाता हातात काय उरते, हे ओतूर किंवा आळेफाट्याच्या बाजारात माल घेऊन जाणारा प्रत्येक जण जाणतो. खात्यात पैसे कमी पडले की हप्ता परत जातो, वर बँकेचा आणि वित्तसंस्थेचा असे दोन्हीकडून दंड बसतो. त्यानंतर फोनच्या पडद्यावर थकबाकीची रक्कम आणि वसुलीचा नंबर एवढेच दिसू लागते.

फोन बंद म्हणजे गप्पा बंद, असे समजणाऱ्यांनी आमच्या शिवारात एक रात्र काढावी. शेतीची थ्री फेज वीज अनेकदा रात्रीच्या पाळीत येते. विहिरीवरची मोटर चालू करण्यासाठी अनेकांनी मोबाईल स्टार्टर बसवले आहेत. घरातून फोन लावला की मोटर चालू होते आणि अंधारात उसाच्या कडेने विहिरीपर्यंत जाणे टळते. आमचे गाव जुन्नर वन विभागात, ओतूर वनपरिक्षेत्रात येते. २०२४ साली आमच्याच शिवारात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गेली. अशा गावात फोन बंद पडला की शेतकऱ्याला बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जावे लागते. लॉक पडलेल्या फोनवरून आपत्कालीन ११२ लागेलही. पण शेजारच्या मळ्यातल्या माणसाला, वायरमनला किंवा वनरक्षकाला हाक मारता येत नाही.

दुसरी गोष्ट ओटीपीची. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतील महिलांना १८ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानुसार दोन महिन्यांत ई-केवायसी पूर्ण करण्यास सांगण्यात आले. त्यासाठी लाभार्थी महिलेच्या आणि तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. ई-पीक पाहणी फोनवरच करायची. महाडीबीटीचा अर्ज, दुधाचे बिल, कांदा आणि टोमॅटोचे बाजारभाव हे सगळे त्याच फोनवर येते. “सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला” असे वसुलीवाले सांगतात. ज्या घरात एकच फोन आहे आणि तोही हप्त्याचा, तिथे दुसरा फोन कुठून आणायचा? शिवाय थकलेला हप्ता भरायचे यूपीआय ॲप त्याच लॉक झालेल्या फोनमध्ये असते.

फेडले तरी सुटत नाही

यापुढची बाब आम्हाला अधिक गंभीर वाटते. कर्ज पूर्ण फेडल्यानंतरही फोन पुन्हा लॉक होतो.

हे लॉक नुसते फोनमधल्या ॲपमध्ये नसते. फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, म्हणजे आयएमईआय, वित्तसंस्थेच्या किंवा लॉक पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर नोंदवलेला असतो. फोन इंटरनेटला जोडला की सर्व्हरवरची नोंद तपासली जाते. ती नोंद काढली नाही, तर वरवर मोकळा दिसणारा फोन रीसेट केल्यावर किंवा नवे अपडेट आल्यावर पुन्हा त्याच पकडीत जातो. कर्ज एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वर्ग केले असेल, तर नोंद कोणी काढायची यावर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

आमच्या गावातील एका शेतकऱ्याने सर्व हप्ते फेडले आणि संस्थेचा ना-हरकत दाखलाही (एनओसी) घेतला. फोन कॉलेजात जाणाऱ्या मुलीला द्यायचा म्हणून रीसेट केला, तर सुरू होतानाच पडद्यावर सूचना आली की हे उपकरण वित्तसंस्थेच्या नियंत्रणाखाली आहे. एनओसीचा कागद हातात आणि फोन बंद. दुकानदाराने कंपनीकडे पाठवले. कंपनीच्या फोनवर आधी हिंदी-इंग्रजीतली बटणे दाबायची आणि मग तक्रार क्रमांक घेऊन वाट पाहायची. त्या मुलीचा परीक्षेचा अर्ज शेवटी मैत्रिणीच्या फोनवरून भरावा लागला.

असा माणूस मग फोनचे लॉक “तोडून” देणाऱ्याकडे जातो. तो पैसे घेतो, काही दिवस फोन चालतो आणि पुन्हा लॉक होतो. काही जण तर आयएमईआय बदलून देण्याची भाषा करतात. दूरसंचार अधिनियम, २०२३ नुसार अशा छेडछाडीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कर्ज प्रामाणिकपणे फेडलेला माणूस दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे गुन्ह्याच्या दाराशी उभा राहतो, हे आम्हाला मान्य नाही.

सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज फेडले की आम्हाला बेबाकी दाखला मिळतो. तो तलाठी कार्यालयात दिला की फेरफार होऊन सातबाऱ्यावरचा बोजा उतरतो. ट्रॅक्टरचे कर्ज फिटले की आरसी बुकावरची बँकेची नोंद आरटीओत कमी होते. या दोन्ही नोंदी कोणालाही तपासता येतात. मोबाईलवरचा बोजा उतरला की नाही, हे पाहण्याची सोय मात्र कुठेच नाही. आमचे सारे म्हणणे या एका मुद्द्याशी येऊन थांबते.

कायदा काय सांगतो

१. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची शेतीची अवजारे कर्जापोटी जप्त करता येत नाहीत. आज फोन हे शेतकऱ्याचे आणि मजुराचे कामाचे साधन आहे. न्यायालयाच्या हुकमाने जे काढून घेता येत नाही, त्यासारखे साधन एका बटणाने बंद करण्याचा अधिकार खासगी संस्थेला कसा असू शकतो?

२. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार हक्कदार माणसाला त्याचे उपकरण परवानगीविना वापरू न देणे हे नुकसानभरपाईस पात्र कृत्य आहे. कर्ज असताना करारातील संमती पुढे केली जाते. कर्ज फिटल्यावर ती संमतीही संपते. त्यानंतरचे लॉक कोणत्या अधिकाराने टाकले जाते?

३. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी परिपत्रक काढले. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मालमत्तेची मूळ कागदपत्रे परत करावीत आणि संस्थेच्या चुकीने उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा त्यात आदेश आहे. तो १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाला. घराच्या कागदांना जो न्याय मिळाला, तोच गरिबाच्या फोनलाही मिळावा.

४. रिझर्व्ह बँकेच्या ८ मे २०२५ च्या डिजिटल कर्जविषयक निर्देशांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपला ग्राहकाच्या फोनमधील फाइल, संपर्क यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावता येत नाही. ज्या फोनमधील नंबर पाहण्याची मनाई आहे, तो फोनच बंद करण्याची मुभा असणे विसंगत आहे.

कर्जाची नोंद कर्जदाराला न दिसण्याचा प्रश्न पुणे जिल्ह्याला नवा नाही. १२ मे १८७५ रोजी याच जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. फेडलेल्या पैशाची नोंद सावकाराच्याच वहीत राहायची आणि ती पाहण्याचा अधिकार कुळाला नव्हता, हे त्या उद्रेकाच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी एक होते. त्यानंतर १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. भरलेल्या पैशाची लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क त्या कायद्याने शेतकऱ्याला दिला. आज ती वही सर्व्हरवर गेली आहे आणि कर्जदाराला ती पुन्हा दिसेनाशी झाली आहे.

ऑक्टोबर २०२५ ची स्थिती

वृत्तपत्रांतील बातम्यांनुसार २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्तसंस्थांना फोन लॉक करणे थांबवण्यास सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र, ग्राहकाची पूर्वसंमती घेऊन लॉक करण्यास परवानगी देण्याचा विचार सुरू असल्याच्या बातम्या आल्या. ऑक्टोबरच्या पतधोरणानंतर हा विषय तपासला जात असल्याचे आपल्या बँकेकडून सांगण्यात आले. निर्णय होण्याआधी आमची बाजू मांडावी, म्हणून आम्ही हे निवेदन देत आहोत. शिवाय दिवाळीत अनेक घरांत हप्त्यावरचे नवे फोन आल्यामुळे हा प्रश्न आणखी वाढणार आहे.

या कर्जाला तारण नसते, लॉकची भीतीही नसेल तर गरिबाला कर्ज कोण देणार, असे वित्तसंस्था म्हणतात. आम्ही कर्जमाफी मागत नाही. घेतलेला पैसा फेडलाच पाहिजे, हे आम्हाला शिकवावे लागत नाही. थकबाकीची नोंद सिबिलला जाते, नोटीस देता येते, लोकअदालतीत तडजोड होते, हप्त्याची फेररचना करता येते. हे सर्व मार्ग खुले असताना ज्या साधनावर माणूस कमावतो तेच बंद केले, तर हप्ता येणार कुठून?

आमच्या मागण्या

१. हप्त्यावरील मोबाईल फोन दुरून लॉक करण्यास रिझर्व्ह बँकेने स्पष्ट लेखी मनाई करावी आणि ती सर्व बँका, वित्तसंस्था व त्यांच्या वतीने काम करणाऱ्या लॉक पुरवठादारांना लागू करावी.

२. अंतिम निर्णय होईपर्यंत कोणत्याही फोनवरील येणारे-जाणारे कॉल, एसएमएस, ओटीपी, यूपीआय तसेच ११२ आणि वन विभागाचा १९२६ हे क्रमांक बंद होता कामा नयेत.

३. शेवटचा हप्ता जमा झाल्यापासून सात दिवसांत फोनमधील ॲप आणि सर्व्हरवरील आयएमईआयची नोंद, दोन्ही काढावीत. आयएमईआय क्रमांक लिहिलेला “लॉकमुक्ती दाखला” मराठीत आणि मोफत द्यावा.

४. उशीर झाल्यास, किंवा मुक्त केलेला फोन रीसेट, अपडेट वा हस्तांतरणानंतर पुन्हा लॉक झाल्यास, संस्थेने २४ तासांत तो खुला करावा. २०२३ च्या परिपत्रकाच्या धर्तीवर दर दिवसाची भरपाई ग्राहकाने न मागता खात्यात जमा व्हावी.

५. कर्ज दुसऱ्या संस्थेकडे वर्ग झाले तरी लॉक काढण्याची जबाबदारी मूळ कर्ज देणाऱ्या संस्थेवर कायम राहावी.

६. आयएमईआय टाकून फोनवर कोणाचा बोजा आहे ते पाहता येईल, अशी मोफत सोय करावी. जुना फोन विकत घेणाराही त्यामुळे फसणार नाही.

७. मनाई होईपर्यंत फोनमध्ये लॉकची सोय असल्यास ती कर्जाच्या मुख्य माहितीपत्रकात मराठीत, ठळक अक्षरांत लिहावी आणि त्यासाठी वेगळी सही घ्यावी. सही नाकारली म्हणून कर्ज नाकारू नये.

८. मा. तहसीलदार साहेबांनी आळेफाटा, ओतूर, नारायणगाव आणि जुन्नर येथील मोबाईल विक्रेते व वित्तसंस्थांचे प्रतिनिधी यांची बैठक घ्यावी. कर्ज फिटूनही लॉक असलेल्या फोनच्या तक्रारींसाठी तहसील कार्यालयात एक दिवसाचे शिबिर भरवावे. रिझर्व्ह बँकेचा १४४४८ आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हे क्रमांक प्रत्येक मोबाईल दुकानात मराठीत लावण्याची सूचना द्यावी.

महोदय, कर्ज घेणाऱ्याची जबाबदारी शेवटच्या हप्त्याबरोबर संपते. देणाऱ्याचा अधिकारही त्याच दिवशी संपला पाहिजे, आणि तो संपल्याचा पुरावा कर्जदाराच्या हातात असला पाहिजे. तरी वरील मागण्यांचा सहानुभूतीपूर्वक विचार करून योग्य ते आदेश व्हावेत आणि केलेल्या कार्यवाहीचे लेखी उत्तर आम्हास मिळावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
समस्त ग्रामस्थ, पिंपरी पेंढार
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
१. मा. जिल्हाधिकारी, पुणे
२. मा. खासदार, शिरूर लोकसभा मतदारसंघ
३. मा. आमदार, जुन्नर विधानसभा मतदारसंघ
४. मा. सरपंच, ग्रामपंचायत पिंपरी पेंढार