तिसरा रकाना

बर्लिनच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर व्युन्सडोर्फ नावाचे गाव आहे. २०१५ साली तेथे निर्वासितांसाठी निवारा बांधायचे ठरले. त्याआधी पुरातत्त्वज्ञांनी जमीन खणून पाहिली, तेव्हा एका लाकडी मशिदीच्या पायाच्या खुणा हाती लागल्या. पहिल्या महायुद्धात येथे ‘अर्धचंद्र छावणी’ होती; पकडलेले हिंदी आणि आफ्रिकी शिपाई तीत ठेवलेले असत. त्यांना इंग्रज-फ्रेंचांविरुद्ध फितवायचे म्हणून कैसरच्या सरकारने १९१५ साली ही मशीद बांधून दिली, त्यांच्यासाठी वर्तमानपत्रही काढले. भाषापंडित यंत्रे घेऊन आले आणि शिपायांचे आवाज तबकड्यांवर मुद्रित करून गेले. त्या तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आजही जपलेल्या आहेत.

याबद्दल जर्मनांचे कौतुक करावे असे मला वाटत नाही. कैद्यांचा उपयोग होता म्हणून त्यांची नोंद झाली, इतकेच. जेथे माणसाची गरज फक्त कुदळ-फावड्यापुरती होती, तेथे काय झाले ते पाहावे. आणि तेथे आपली माणसे होती.

इराकमधील कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी इंग्रजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला १४७ दिवस वेढले. त्या फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. घोडे कापून खाण्याची वेळ आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी तेही नाकारले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे शरण गेली, त्यांत बहुसंख्य हिंदी. सेनापती टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले, आणि उरले त्यांतले कित्येक रास-अल-ऐन येथे रेल्वेचा रस्ता बांधायला जुंपले गेले. शेकडो हिंदी कैद्यांचा पुढे थांगच लागला नाही. सुटून आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी पुस्तके लिहिली. शिशिर सर्वाधिकारी या बंगाली कैद्याच्या आठवणी पुढे बंगालीत छापल्या गेल्या. आमचा मराठा शिपाई बहुधा निरक्षर. तो गावी येऊन नांगराला लागला.

सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत संगमरवरी पाटी दिसते : या गावातून महायुद्धास इतके गेले, पैकी इतके कामी आले. आयुष्य बँकेत खातेवह्या तपासण्यात गेल्याने मला ही पाटी खुपते. गेले किती, मेले किती; कैद भोगून आले किती, हा रकानाच नाही!

तेथील वाळू आपण काही उकरू शकणार नाही. घरातली ट्रंक उकरू शकतो. चांदीचे पदक केव्हाच सराफाकडे गेले असेल, पण डिस्चार्जचा कागद सहसा कोणी रद्दीत घालत नाही. त्यावर १०३, ११० किंवा ११७ हा आकडा दिसला, तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आत्याला विचारा, ‘बसऱ्याहून’ आलेले आजोबा काय सांगत, आणि कशाबद्दल मुळीच बोलत नसत. ती सांगेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा, तारीख घालून.