कापरा हात आणि जुन्या रंगाची कुंडी

गेल्या कार्तिकात एक निवृत्त शिक्षक पत्नीसह दवाखान्यात आले. वय ७४. आमच्या मालगुंड परिसरात त्यांना सारे गुरुजी म्हणूनच ओळखतात. त्यांच्या अनुमतीने, पण नाव न घेता, त्यांची हकीकत येथे सांगतो. तक्रार खोकल्याची होती. तपासून औषध लिहून दिले, तरी काकू उठेनात. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डॉक्टर, खोकला जाईल हो. ह्यांनी घराबाहेर पडणं टाकलंय, त्याचं काय करायचं ते सांगा."

गुरुजींचे अक्षर म्हणजे एके काळी मुलांसमोर ठेवण्याचा कित्ता. केशवसुतांचे जन्मगाव असलेल्या आमच्या गावात कवितेचा फळा लिहायचा म्हटले की तो गुरुजींनीच लिहावा, असा शिरस्ता होता. दोन महिन्यांपूर्वी बँकेत त्यांची पैसे काढण्याची पावती परत आली. सही जुळत नव्हती. रांगेत मागे त्यांचेच माजी विद्यार्थी उभे होते. खिडकीपलीकडून कोणीतरी सुचवले, "अंगठा लावा, आजोबा." ज्यांनी आयुष्यभर लोकांना अंगठ्याऐवजी सही करायला शिकवले, त्यांना हे ऐकावे लागले. तेव्हापासून बँक बंद, लग्नकार्ये बंद, आणि चहासुद्धा आतल्या खोलीत, अर्धाच कप.

मी त्यांना हात मांडीवर सैल ठेवायला सांगितले. हात स्थिर होते. मग कागद पुढे करून म्हटले, "गुरुजी, यावर एक मोठी जिलेबी काढा." पेन कागदाला लागताच दोन्ही हातांना कंप सुटला आणि जिलेबीची रेघ करवतीच्या दात्यांसारखी उमटली. वडिलांचाही हात म्हातारपणी असाच कापत असे, हेही बोलण्यात आले. चाल व्यवस्थित होती, अंगात ताठरपणा नव्हता, थायरॉइडची तपासणी नंतर निर्दोष आली. हा वयाबरोबर वाढणारा आणि पुष्कळदा घराण्यात चालत आलेला कंप होता. त्याला 'इसेन्शियल ट्रेमर' म्हणतात.

प्रत्येक कंप पार्किन्सन नव्हे

हात कापू लागला की घरचे लोक पार्किन्सनच्या शंकेने घाबरतात. या विकाराचे पहिले सविस्तर वर्णन लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली केले. त्यात कंप बहुधा एका बाजूने सुरू होतो, हात स्वस्थ असताना अधिक दिसतो आणि हाताने काही करू लागले की कमी होतो. जोडीला हालचाली मंदावतात, अंग ताठरते, अक्षर बारीक होत जाते, पावले लहान पडतात. गुरुजींच्या कंपाचे उलट असते. हात कामाला लागला, कप उचलला, लेखणी धरली की तो प्रकट होतो. थायरॉइडचा अतिरेक, दम्याची काही औषधे, मधुमेहींमध्ये एकाएकी उतरलेली साखर ही कारणेही तपासावी लागतात. हाताची शक्ती अचानक गेली, तोंड वाकडे झाले वा बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजून तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

गुरुजींच्या कंपावर औषधे आहेत. ती कंप कमी करतात, घालवत नाहीत. त्यांतले नेहमीचे एक औषध दमेकऱ्यांना चालत नाही, म्हणून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नये. गुरुजींना मी अल्प मात्रेत औषध सुरू केले. पण काकूंनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या गोळीत नव्हते. माणसाने हात लपवायला सुरुवात केली की त्याच्या हातातली एकेक कामे सुटतात, आणि कामे सुटली की माणसे सुटतात.

आठ कोऱ्या कुंड्या

बोलता बोलता काकूंनी सांगितले, की दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन रंगवण्याचे काम गुरुजींचे असे. यंदा ते तसेच राहिले. उन्हाने तडकलेल्या प्लॅस्टिकच्या कुंड्या टाकून अबोली-शेवंतीसाठी मातीच्या आठ कुंड्या आणल्या होत्या, त्याही पडवीत कोऱ्याच पडून होत्या.

मी म्हटले, "गुरुजी, त्या रंगवा."

"माझ्याच्याने सरळ रेघ ओढवत नाही आता."

"सरळ रेघ नकोच आहे. आपल्या जुन्या वृंदावनासारखा दिसणारा रंग द्यायचा आहे."

कोकणातल्या जुन्या वृंदावनाकडे किंवा जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीकडे एकदा नीट पाहावे. दरवर्षीच्या चुन्याचे थर एकावर एक चढलेले असतात. कोठे वरचा पापुद्रा निघून खालची काव दिसते, कोठे तीही जाऊन दगड उघडा पडतो. जिथे हात लागतात त्या कडा आधी झिजतात. शेवाळ तळाशी आणि सावलीच्या बाजूने चढते. यात कोठेही सरळ रेघ नाही, एकसारखा हात नाही. हा परिणाम रंगाने साधायचा, तर स्थिर हाताच्या माणसाला मुद्दाम हात हलवावा लागतो. कापणाऱ्या हाताला तो प्रयत्न करावा लागत नाही. म्हणूनच हे काम मी गुरुजींना सुचवले.

कृती

नवी कुंडी पाण्याने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावी. जुनी असल्यास आधी घासून मातीचे व शेवाळाचे थर काढावेत. पाण्यात मिसळणारा डिस्टेंपर किंवा ॲक्रिलिक रंग घ्यावा. पहिला हात गडद द्यावा, कावेसारखा तांबडा किंवा तपकिरी. तो पूर्ण वाळला की साध्या मेणबत्तीचा तुकडा कुंडीच्या काठावर, उंचवट्यांवर आणि मधूनच कोठेही घासावा. त्यावर पांढरा किंवा फिकट निळा रंग थोडे पाणी घालून द्यावा. तास-दीड तासाने नारळाच्या सोडणाने किंवा ओल्या पॉलिश पेपरने कुंडी हलकेच घासावी. जेथे मेण आहे तेथे वरचा रंग धरत नाही. तो सुटून खालची काव डोकावते. शेवटी ओल्या स्पंजाने तळाशी व एका बाजूला किंचित हिरवट छटा टिपावी. छटा सर्व बाजूंनी सारखी दिली तर ती रंगवलेली दिसते, म्हणून एक बाजू मोकळी सोडावी.

कुंडी आतून रंगवू नये. भाजलेली माती सच्छिद्र असते. आतले पाणी भिंतीतून झिरपून बाहेर उडून जाते, त्यामुळे मुळांना हवा मिळते आणि माती गार राहते. पाण्यातले क्षार पृष्ठभागावर राहतात, तोच तो पांढरा फुलोरा. याच ओलाव्यामुळे पुढे बाहेरचा रंगही ठिकठिकाणी सुटतो. एरवी तो दोष ठरला असता. येथे त्याने कुंडी आणखी जुनी दिसते.

काळजी कोठे घ्यावी

अस्सल चुन्याचा रंग सुंदर दिसतो, हे खरे. तरी ज्याचा हात कापतो त्याने चुना हाताळू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळतो. विरवलेला चुनासुद्धा डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजते व दृष्टी जाऊ शकते. असे घडलेच तर पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा, चोळू नये, तूप-मध घालू नये, आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

माळ्यावर पडलेले ऑइलपेंटचे जुने डबे वापरू नयेत. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपुरते मर्यादित ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यांची खात्री देता येत नाही, आणि टर्पेंटाइनच्या वासाने दमेकऱ्याची छाती भरते. घासकाम नेहमी ओले करावे व तोंडावर मास्क असावा, म्हणजे धूळ फुप्फुसात जात नाही.

बैठक जमिनीवर नको. टेबल-खुर्ची घ्यावी, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकलेला असावा. आधार मिळाला की कंप सुसह्य होतो. कुंचल्याच्या दांड्याला जुने कापड गुंडाळून तो जाड केला, तर सांधे दुखणाऱ्या बोटांनाही पकड सोपी जाते. एका वेळी अर्धा तास पुरे. उपाशीपोटी, थकल्यावर किंवा घाईत कंप वाढतो. पार्किन्सनच्या रुग्णाने औषधाचा गुण जाणवत असेल त्या वेळातच कामाला बसावे. कुंडी रिकामी असतानाच रंगवावी. ओल्या मातीने भरलेली १० इंची कुंडी १० किलोंच्या वर सहज जाते, ती वृद्धांनी उचलू नये.

आणखी दोन गोष्टी. आपल्याकडच्या पावसात कुंडीवर खरे शेवाळही एका हंगामात येते. ते कुंडीवर शोभते, पाखाडीवर नाही. पायऱ्यांवरचे शेवाळ पावसाळाभर वरचेवर खरवडून काढावे. माझ्या पाहण्यातली खुब्याच्या हाडाची कितीतरी मोडणी अशा पायरीवरच झाली आहेत. दुसरे, कुंडीखालच्या ताटलीत डेंग्यूचा डास अंडी घालतो. पाणी आठवड्यातून एकदा नुसते ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. ताटली घासूनच ठेवावी.

जवळच्या माणसांसाठी

काकूंना मी एकच पथ्य सांगितले: गुरुजी रंगवत असताना शेजारी उभे राहायचे नाही. कोणी पाहत आहे या जाणिवेनेच असा कंप वाढतो. "अहो, द्या इकडे, मी करते" हे वाक्य प्रेमातून येते, पण ऐकणाऱ्याला त्यातून कळते ते एवढेच, की आता आपल्याकडून काही होत नाही. रंग सांडला तर सांडू द्यावा. खाली जुने वर्तमानपत्र आधीच पसरून ठेवावे. झाकण उघडून देणे, पाणी बदलणे, कुंडी फिरवून देणे एवढी मदत करावी आणि आपल्या कामाला लागावे. काम झाल्यावर लहान मुलासारखे कौतुकही करू नये. पुढची कुंडी कोणत्या रंगाची, हे विचारावे.

पहिली कुंडी गुरुजींनी पुसून टाकली. दुसरी तशीच ठेवली. महिनाभरात आठही झाल्या. रंगवून त्यांचा कंप गेला नाही, तो जाणारही नव्हता. मात्र पडवीत बसून काम करणारा माणूस रस्त्याने जाणाऱ्यांना दिसतो. कोणी थांबते, कोणी विचारते, आणि बोलणे सुरू होते. चहा बाहेर येऊ लागला. कप अजून अर्धाच असतो.

राहिली बँक. वृद्ध वा आजारी खातेदाराला सही करता येत नसेल, तर अंगठ्याचा ठसा स्वीकारण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या सूचनांमध्ये आहे. तो ठसा बँकेला परिचित अशा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळखावा लागतो, आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. घरात असे कोणी असेल, तर हे माहीत असू द्यावे. ही सवलत आहे, त्यात कमीपणा नाही. सही करता येते पण बदलली आहे, अशा खातेदाराने बँकेत अर्ज करून नमुना सही बदलून घ्यावी.

गुरुजींनी दुसरा मार्ग घेतला. माघात एका सकाळी ते एकटेच बँकेत गेले, नव्या कार्डावर कापऱ्या हाताने सही केली आणि परतताना दवाखान्यात डोकावले. म्हणाले, "डॉक्टर, सांगून आलो. आता माझी सही ही अशीच आहे." मग खिशातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पायरीवरच्या दोन कुंड्यांना कोणता रंग हवा, हे त्यावर मला लिहून द्यायचे होते.