तेल खवट होते ते पोत्यातच!



घाण्यावरून आणलेले तेल महिन्याभरात खवट झाले, की आपण बोल लावतो तो घाणेवाल्याला. ‘भेसळ केली असंल’ म्हणून मोकळे होतो. भेसळ होतच नाही असे मी म्हणत नाही. पण बरेचदा दोष आपल्याच घरातल्या पोत्यात असतो. हे परक्याचे नव्हे, घरचेच उदाहरण देऊन सांगतो.

तीन-चार वर्षांपूर्वी आम्ही भुईमूग काढला आणि परतीच्या पावसाने गाठले. मध्ये दोन दिवस ऊन पडले, तेवढ्यावर शेंगा पोत्यात भरल्या. “थोडी ओल हाय, जाईल आतल्या आत,” असे वडील म्हणाले आणि मीही मान डोलावली. मी, कृषी पदविका घेतलेला, गावोगाव सल्ला देत फिरणारा माणूस! संक्रांतीला पोती उघडली तर कुबट वास. बुरशी धरलेले दाणे निवडून फेकले, राहिलेले घाण्यावर नेले. पहिल्याच कालवणाला आई म्हणाली, “घशाला खवखवतंय रे हे तेल.” घाणेवाल्याचा काय दोष होता?

आता तेल म्हणजे काय ते बघा. आपली तिफण डोळ्यांपुढे आणा. एक दिंड आणि त्यात ठोकलेले तीन फण. तेलाचा प्रत्येक रेणू असाच असतो. ग्लिसरीन हे दिंड आणि मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या हे फण. दिंड आणि फण जिथे जुळतात, त्या जोडाला रसायनशास्त्रात एस्टर म्हणतात. पिकलेल्या केळ्याचा गोड वासही एस्टरचाच, फक्त ते रेणू लहान, म्हणून हवेत उडतात. तेला-तुपाचे रेणू जड, म्हणून भांड्यात राहतात.

या जोडाची गंमत अशी, की आम्ल जुळताना पाणी बाहेर पडते. म्हणजे तीन फण बसले की पाण्याचे तीन रेणू सुटले. उलट पाणी परत मिळाले तर जोड निखळतो आणि आम्ल सुटे होते. नुसत्या पाण्याने हे लवकर होत नाही. पण दाण्यात लायपेज नावाचे विकर असते, बुरशीही ते तयार करते. दाणा ओला, फुटलेला, बुरशीचा असला की हे विकर भराभर जोड सोडवत सुटते. सुटलेल्या आम्लांनी तेलाची चव बिघडते.

पिकाने तीन-चार महिने राबून जे जोडले, ते आपण पोत्याचे तोंड शिवून मोडायला ठेवतो.

व्यापारी ओलीचा माल कमी भावाने का मागतो, याचेही एक कारण यातच आहे. तेल शुद्ध करताना सुटी आम्ले कॉस्टिक सोड्याने काढावी लागतात. त्यांचा साबण होतो आणि तेवढे तेल कमी भरते. ती तूट शेवटी आपल्याच पट्टीत वजा होऊन येते. शिवाय बुरशीचे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, बरेचसे पेंडीत उतरते आणि पेंडीतून गाई-म्हशींच्या दुधात. तेव्हा कुबट दाण्याची पेंड ‘जनावराला चालते’ असे कुणी म्हणाले तर ऐकू नका.

खवटपणाची दुसरी वाट हवेची. करडई, सूर्यफुलाच्या तेलातल्या साखळ्यांवर हवेतला प्राणवायू लवकर हल्ला करतो. ऊन, तांबे, लोखंड त्याला मदत करतात. म्हणून असे तेल अंधारात, झाकण घट्ट लावून ठेवावे, आणि जुन्या तेलात नवे ओतू नये.

उपाय महागाचा नाही. भुईमूग उपटल्यावर वेल पालथे टाका, शेंगा वर येऊ द्या. वाळलेली शेंग कानाशी हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. शेंगेत ओल ८ टक्क्यांच्या आसपास आणि सोयाबीनमध्ये १२ च्या आत असावी. फुटका दाणा वेगळा काढा. पोती भुईवर न ठेवता फळ्यांवर रचा.

पण सगळा भार शेतकऱ्यावर टाकून मला मोकळे व्हायचे नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. १९८६ साली तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान निघाले, त्यानंतरही योजना येत राहिल्या. बियाणे वाटले, प्रात्यक्षिके घेतली. आम्ही विस्तारातली माणसे पेरणीला बांधावर असतो, काढणी झाली की दिसेनासे होतो. शेतकरी भाड्याने गाडी करून खरेदी केंद्रावर जातो आणि तिथे पहिल्यांदा त्याला कळते, की मालात ओल जास्त आहे. गाडी परत, भाडे अंगावर.

हे यंत्र गावात का नको? माझे स्पष्ट मत आहे, की प्रत्येक सोसायटीत ओल मोजायचे एक यंत्र असावे आणि काढणीच्या दिवसांत ते गावाला फुकट वापरता यावे. चार घरांत मिळून एक मोठी ताडपत्री घ्यावी. आणि आम्ही पेरणीइतक्याच निष्ठेने खळ्यावर यावे. येत्या हंगामात तुमच्या गावचा सहायक कृषी अधिकारी खळ्यावर आला नाही, तर त्याला हक्काने बोलावून घ्या. मीही त्यांच्यातलाच एक आहे.

आमच्या घरी आता शेंगा खुळखुळल्याशिवाय पोते शिवत नाहीत. वडील स्वतः कानाशी धरून बघतात.