रक्ताच्या नात्यापलीकडे

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रक्तदान शिबिर भरते. आपण रांगेत उभे राहतो, रक्त देतो, प्रमाणपत्र घेतो आणि समाजाचे ऋण फेडल्याच्या समाधानात घरी जातो. हे समाधान खोटे नाही. पण ते अपुरे आहे, असे मला वाटते.

शाळेत माझ्या बाकावर सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची मुलगी बसत असे. पावसाळा लागला की तिचे हातपाय ठणकत, डोळे पिवळे होत आणि ती आठवडेच्या आठवडे शाळेत येत नसे. आम्ही तिला कामचुकार म्हणत होतो. पुढे रक्ततपासणीत सिकलसेल निघाला, तेव्हा आमच्या माना खाली गेल्या.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी होते, १० ते २० दिवसांतच मरते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देते. विदर्भाला हा आजार नवा नाही. नागपूरच्या शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ सालीच त्याची नोंद केली होती.

तो मुळातून घालविण्याचा मार्ग म्हणजे मूळपेशींचे (स्टेम सेल) प्रत्यारोपण. रुग्णाची सदोष अस्थिमज्जा औषधांनी नष्ट करतात आणि निरोगी दात्याच्या मूळपेशी शिरेतून देतात. भारतातील पहिले यशस्वी मज्जा-प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. स्वतः पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. चाळीस वर्षे उलटली. मग हा उपाय आपल्या गावापर्यंत का येत नाही?

पैसा हे एक कारण, दाता हे दुसरे. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता चारांत एक. भावंड जुळले नाही की परक्या दात्याचा शोध सुरू होतो. जगभरच्या नोंदवह्यांत चार कोटींहून अधिक दाते आहेत. भारतातल्या नोंदवह्या मात्र अजून लाखांतच मोजाव्या लागतात. ही जुळणी बहुधा आपल्याच लोकसमूहात सापडते. तेव्हा वऱ्हाडातल्या रुग्णाचा दाता जर्मनीत शोधण्यापेक्षा खामगाव-मेहकरात शोधणे शहाणपणाचे. सिकलसेलमध्ये परक्या दात्याबाबत डॉक्टर अजून सावध असतात हे खरे. पण रक्ताच्या कर्करोगात, थॅलेसेमियात तोच दाता जीव वाचवू शकतो.

कोणी म्हणेल, विज्ञान पुढे जात आहे, आता दात्याची गरजच उरणार नाही. संशोधन खरोखर आशादायक आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विकसित झालेल्या पद्धतीमुळे अर्धी जुळणी असलेल्या आईवडिलांच्याही पेशी उपयोगी पडू लागल्या आहेत. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने 'कॅसजेवी' या उपचारास मान्यता दिली. त्यात रुग्णाच्याच मूळपेशींतील जनुकात बदल करतात. परंतु अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक! जळगाव जामोदच्या शेतमजुराला हा आकडा वाचता तरी येईल काय? संशोधन स्वस्त होईपर्यंत रुग्ण थांबू शकत नाही.

मित्रहो, मूळपेशी देणे म्हणजे हाड कापणे नव्हे. काही दिवस इंजेक्शने घेतल्यावर बहुधा हातातून रक्त काढून, यंत्राने मूळपेशी वेगळ्या करून उरलेले रक्त परत देतात. नोंदणीच्या वेळी तर गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवतात, एवढेच. अठरा वर्षे पूर्ण झालेला निरोगी तरुण नाव देऊ शकतो.

तरीही शिबिराच्या उत्साहात सही करू नका, असेच मी म्हणेन. रुग्णाची मज्जा नष्ट केल्यावर ऐनवेळी दाता फिरला, तर त्या रुग्णाच्या जिवावरच बेतते. आधी घरी बोला. 'मुलीने नाव दिले तर तिचे लग्न कसे जमेल?' हा प्रश्न येणारच; त्याचे उत्तर देण्याचे धैर्य असेल तरच नाव द्या. वचन मोडण्यापेक्षा न दिलेले बरे.

आपण कला शाखेचे, आपला याच्याशी काय संबंध, असेही ऐकू येते. माझ्या त्या मैत्रिणीला दोन भाऊ आहेत. त्यांच्याशी जुळणी तपासता येते, हे गेल्या दिवाळीत मी सांगेपर्यंत त्या घरात कुणालाही ठाऊक नव्हते. प्रयोगशाळेतले ज्ञान त्या उंबरठ्यापर्यंत साध्या मराठीत पोहोचवणे हे काम कुणाचे? २०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. डॉक्टर तेथे घडतील; पण दाते आणि सांगणारे आपल्यातूनच निघाले पाहिजेत. येत्या शिबिरात रक्तदानाच्या टेबलाशेजारी नोंदणीचेही एक टेबल असावे, एवढीच प्राचार्यांना व प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे.