ऑगस्टचं पुस्तक डिसेंबरवर: 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे चाहते मुखपृष्ठ आणि छपाईवरून का भांडतात?

'एबेरॉन: फोर्ज ऑफ द आर्टिफिसर' हे पुस्तक 19 ऑगस्ट 2025 ला दुकानांत यायचं होतं. नंतर त्याची तारीख 9 डिसेंबर 2025 झाली. मजकूर आणि चित्रं तयार होती, घोडं अडलं ते छपाईत. छापून आलेल्या प्रतींचा दर्जा समाधानकारक नसल्याचं कारण देत 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या प्रकाशक कंपनीनं तारीख पुढे ढकलली. काही चाहत्यांनी 'बरं झालं, वेळेत लक्षात आलं' म्हटलं, तर काहींनी आगाऊ ऑर्डरचा हिशोब मांडला.

एका खेळाच्या पुस्तकाची छपाई हा एवढ्या चर्चेचा विषय कसा काय होतो?

खेळ आहे, मग पुस्तक कशाला?

'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिली असेल, तर टेबलाभोवती बसून फासे टाकणारी मुलं आठवतील. तोच हा खेळ, 1974 पासून अमेरिकेत सुरू असलेला. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. वार लागला की हुकला, हे फासे ठरवतात. कॅरमसारखा बोर्ड लागतोच असं नाही, पण नियमांचं पुस्तक लागतं. ते खेळताना शंभरदा उघडलं जातं, या हातातून त्या हातात जातं आणि त्यावर कोल्ड्रिंकही सांडतं.

त्यामुळे बांधणी महत्त्वाची. 2014 साली खेळाची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा 'प्लेयर्स हँडबुक'च्या सुरुवातीच्या काही प्रतींची पानं सुटून आल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. 2024 चं नवं 'हँडबुक' 384 पानांचं आहे. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर 24 फर्मे होतात. ते एका पुठ्ठ्यात शिवायचे किंवा चिकटवायचे आणि शेवटच्या फर्म्यापर्यंत रंग सारखा ठेवायचा, हे छापखान्यासाठी सोपं काम नाही. जुन्या खेळाडूंना हे अनुभवानं ठाऊक आहे. म्हणूनच नवीन प्रत हातात आली की ते आधी पुठ्ठ्याचा कणा तपासतात आणि मग नियम वाचतात.

मुखपृष्ठावर कोण?

2024 च्या 'हँडबुक'चं मुखपृष्ठ टायलर जेकबसन यांनी रंगवलं. सोनेरी ड्रॅगन आणि त्याच्यापुढे साहसवीरांचा चमू. काहींना ते आवडलं, काहींना सुपरहिरो सिनेमाचं पोस्टर वाटलं. 2014 चं मुखपृष्ठही जेकबसन यांचंच होतं, पण त्यावर एक महाकाय अग्नी-राक्षस समोरच्यांवर चाल करून येत होता. आधी धोका दिसत होता, आता नायक दिसतात. खेळ कोणासाठी आहे, हे कंपनी चित्रातून सांगते आणि चाहते ते बरोबर वाचतात.

त्याच पुस्तकाच्या आतल्या पानावरचं ऑर्क जमातीचं चित्रही गाजलं. वर्षानुवर्षं रानटी शत्रू म्हणून रंगवलेले ऑर्क इथे एखाद्या कुटुंबासारखे दिसत होते. त्यांचे कपडे आणि टोप्या पाहून अनेकांना मेक्सिको आठवला. काहींना हा सन्मान वाटला, काहींना एका साच्याच्या जागी दुसरा साचा. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे, म्हणून तर तो वाद मिटला नाही.

आणखी एक रुसवा आहे तो पर्यायी मुखपृष्ठांवरून. एकाच पुस्तकाची वेगळ्या मुखपृष्ठाची प्रत खेळांच्या छोट्या दुकानांतच मिळते. ऑनलाइन सवलतीपुढे या दुकानांना त्यामुळे आधार मिळतो. पण ज्याच्या गावात असं दुकानच नाही, त्यानं काय करायचं?

छापलेलं परत घेता येत नाही

मुखपृष्ठ आवडलं नाही तर नावं ठेवता येतात. आतलं चित्रच चुकीचं असेल तर?

ऑगस्ट 2022 मध्ये 'स्पेलजॅमर' हा तीन पुस्तकांचा संच आला. त्यात हाडोझी नावाची माकडासारखी जमात होती. एका जादूगारानं त्यांना पकडून गुलाम केलं, अशी तिची पूर्वकथा होती. सोबत नाचत्या-गात्या हाडोझीचं चित्र होतं. कृष्णवर्णीयांची टर उडवणारे जुने अमेरिकी 'मिन्स्ट्रेल शो' अनेकांना आठवले. 2 सप्टेंबरला कंपनीनं माफी मागितली आणि डिजिटल आवृत्तीतून तो भाग काढला. पुढच्या छपाईतही तो नसेल असं सांगितलं. विकल्या गेलेल्या छापील प्रती मात्र तशाच राहिल्या.

पुढच्याच वर्षी 'बिगबी प्रेझेंट्स: ग्लोरी ऑफ द जायंट्स'मधली काही चित्रं चाहत्यांना खटकली, कारण पायांची ठेवण विचित्र होती. चित्रकारानं एआयची मदत घेतल्याचं मान्य केलं. कंपनीनं आपल्याला हे माहीत नव्हतं असं सांगत नियम कडक केले. हे घडलं ऑगस्ट 2023 च्या सुरुवातीला आणि पुस्तक 15 ऑगस्टला दुकानांत यायचं होतं, म्हणजे तोवर कागदावर शाई चढलेली होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या मुखपृष्ठावर बोटं मोजली जातात. यात अतिरेकही होतो आणि हातानं रंगवणाऱ्यालाही कधी कधी खुलासा द्यावा लागतो.

मग स्क्रीनवरच का वाचू नये?

सोपं आहे, स्वस्तही पडू शकतं. पण ऑगस्ट 2024 मध्ये 'डी अँड डी बियाँड' या कंपनीच्याच डिजिटल सेवेनं जाहीर केलं की खेळाडूंच्या पात्रांच्या नोंदींतले जुने मंत्र नव्या नियमांनी बदलले जातील. जुन्या नियमांसाठी पैसे मोजलेले लोक खवळले आणि काही दिवसांतच कंपनीनं माघार घेतली. कपाटातल्या पुस्तकातले नियम कंपनीला असे बदलता येत नाहीत. छापील प्रतीचा हट्ट निव्वळ संग्राहकांचा शौक उरला नाही, तो यामुळे.

हाडोझीचं चित्र स्क्रीनवरून गेलं, कागदावर राहिलं. मंत्र स्क्रीनवर बदलणार होते, कागदावर बदलणार नव्हते. एकच गुण एकदा त्रासाचा आणि एकदा सोयीचा.

11 नोव्हेंबर 2025 ला 'फरगॉटन रेल्म्स'ची दोन नवी पुस्तकं आली. त्यांच्या आधी यायचं 'एबेरॉन' त्यांच्या मागे गेलं, आणि आगाऊ ऑर्डर केलेल्यांना कणा आणि रंग तपासायला 9 डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं.